मशीन बाईच्या नावावर

सहदेव मेस्त्री धाकट्या भावाकडे सुरमई घेऊन आला की समजायचं, त्याचं काहीतरी अडलंय. रत्नप्रभाला हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. त्यामुळे त्या रविवारी घाटकोपरच्या भटवाडीत, डोंगरावरच्या पायऱ्या चढून धापा टाकत आलेल्या दिराच्या हातात पिशवी दिसली तेव्हा तिने मासळी आत ठेवली, पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "बोला भावोजी, काय काम काढलंत?"

सहदेव प्लास्टरचा ठेकेदार. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्याने शाळा सोडली, गवंड्याच्या हाताखाली राबला, हळूहळू स्वतःची माणसं जमवली आणि धाकट्या सीतारामलाही ओढून याच धंद्यात आणलं. सीतारामच्या हाताला गुण होता. त्याने ओढलेली भिंत आरशासारखी दिसायची. रत्नप्रभा देवगडहून लग्न होऊन आली आणि वर्षभरात तीही साइटवर जायला लागली. नवरा भिंतीला माल मारायचा, ती घमेली पोचवायची. मग एकुलती मुलगी मोठी झाली, लग्न करून पनवेलला गेली, सीतारामचा उजवा खांदा कामातून गेला, रत्नप्रभाचे केस कानाशी पांढरे झाले. पण सहदेवच्या हजेरीत ती पहिल्या दिवशी बिगारी होती आणि आजही बिगारीच. मध्ये एकदा तिने म्हटलं होतं, भावोजी, मलाही थापी द्या, जमेल मला. तेव्हा सहदेवसकट परांचीच्या बांबूंवर उभी असलेली सगळी माणसं हसली होती. त्यानंतर तिने विचारलं नव्हतं.

सहदेवने खिशातून घडी घातलेले कागद काढले. बांधकामात नवीन यंत्रं यावीत म्हणून सरकारी योजना निघाली होती. छोट्या ठेकेदाराने प्लास्टर फवारायचं मशीन घेतलं तर किमतीतला मोठा वाटा योजनेतून मिळणार होता. शिवाय ते चालवायचं शिक्षण फुकट आणि शिकताना बुडणाऱ्या रोजाची थोडीफार भरपाईसुद्धा. आणि धंदा बाईच्या नावावर असेल तर मदत आणखी जास्त.

"आताशे बिल्डर लोक हातान केलेला प्लास्टर बघूकच मागनत नाय," सहदेव म्हणाला. घरच्या माणसांशी तो मालवणीतच बोलायचा. "मशीन आसा काय, ता पयला इचारतत. नसला तर फुडल्या वर्षी माझो धंदो बंद. तू सही कर. तुझा नाव, माझा काम. सगळा घरातलाच आसा."

"आणि शिकायला कोण जाणार?"

"तू जा ना हजेरी लावूक. चाय पी, खुर्चेर बस. मशीन माझी माणसा शिकतली."

सीताराम कॉटवर बसून खांद्याला तेल चोळत होता. तो म्हणाला, "कर गं सही. दादा आपलं वाईट करणार आहे का?"

वाईट करणार नाही, हे रत्नप्रभालाही माहीत होतं. हीच खोली घेताना सहदेवने मदत केली होती. तिच्या मुलीच्या बाळंतपणात रात्रीबेरात्री रिक्षा घेऊन तोच धावला होता. पण तिच्या मनात एकच गोष्ट ठुसठुसायला लागली. इतकी वर्षं तिचे हात चालले, डोकं चाललं, मान चालली. नाव मात्र कधी कुणाला लागलं नाही. आणि आज लागलं, तर फक्त नावच.

"कागद ठेवून जा," ती म्हणाली. "वाचून सांगते."

"वाचून?" सहदेव हसला. पण सुरमईचं कालवण जेवला आणि कागद ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी रत्नप्रभाने कामावर खाडा केला. सोबत सोनूबाईला घेतलं. सोनूबाई जालन्याकडची, नाक्यावर उभी राहून रोज मिळवणारी, रत्नप्रभापेक्षा वयाने मोठी आणि तोंडाने दुप्पट फटकळ. दोघी मुलुंडला गेल्या. तिथे एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात योजनेचं प्रशिक्षण केंद्र होतं. अर्ध्या गाळ्यात नुसत्या विटांच्या भिंती उभ्या केल्या होत्या, प्लास्टर मारायचं आणि पुन्हा खरवडून काढायचं, एवढ्यासाठीच. मधोमध एक हिरवं मशीन होतं. वर माल ओतायचं तोंड, पोटात पंप, आणि तिथून निघालेली जाड रबरी नळी.

तिथली प्रशिक्षक श्वेता नावाची सिव्हिल इंजिनीअर होती. केस घट्ट बांधलेले, पायात कामाचे बूट, आवाज करडा. रत्नप्रभाने तिला विचारलं, "मॅडम, धंदा बाईच्या नावावर असला तर मशीन बाईने चालवलेलं चालतं का?"

श्वेताने तिच्याकडे नीट बघितलं. "चालतं नाही, चालवावंच लागतं. नियमच आहे. ज्याच्या नावावर मशीन, त्याने शेवटी तपासणी कमिटीपुढे स्वतः चालवून दाखवायचं."

"मग किती बाया आल्या?"

"नावं पुष्कळ आली," श्वेता म्हणाली. "बाया नाही आल्या."

परतताना सोनूबाई भटवाडीच्या पायथ्याशी थांबून म्हणाली, "तू बोल रत्ना. मी हाय."

बुधवारी रत्नप्रभा दिंडोशीला सहदेवच्या साइटवर गेली आणि सगळ्यांसमोर कागद त्याच्या हातात दिले. सही नव्हती.

"भावोजी, मी सही करणार, पण माझ्या स्वतःच्या अर्जावर. माझं नाव पाहिजे तर मला अख्खीच घ्यावं लागेल. शिकणार मी, चालवणार मी. तुमच्या साइटवर पहिलं काम करीन, भाव तुमच्याशी बोलून ठरवीन. पण मशीन माझ्या हातात राहील."

सहदेवचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला. "खुळी झालंस काय गो? मशीन म्हणजे काय घमेला वाटला? मिनिटभर चुकला तर सगळी वाट लागता. आणि ह्या माका तू सांगतंस? माका?"

"हो. तुम्हालाच सांगते. दुसऱ्या कुणी माझं नाव मागितलं नाही."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. ते हसू रत्नप्रभावर होतं की सहदेववर, ते कळलं नाही, पण सहदेवला ते झोंबलं. त्याने हात जोडले. "मग उद्यापासून दोघाय येव नको. तू नको, तुझो घोवय नको. मशीन चालवा नि खावा."

घरी आल्यावर जे व्हायचं ते झालं. सीताराम सहसा आवाज चढवत नसे. त्या दिवशी शेजारची माणसं दारात आली इतका ओरडला. ज्याने आयुष्यभर पोसलं त्याचा तू चारचौघांत अपमान केलास. माझ्या या खांद्याला आता दुसरा कोण काम देणार आहे? या वयात तुला हे सुचतंच कसं?

"या वयात," रत्नप्रभा म्हणाली, "अजून दहा वर्षं घमेली उचलायची, हे तुम्हाला सुचतं. मग मला दुसरं काही सुचलं तर काय बिघडलं?"

"नाही जमलं तर?"

"नाही जमलं तर मला नाही जमलं असं होईल. मला करू दिलं नाही, असं नाही होणार."

सीताराम भिंतीकडे तोंड करून झोपला. पुढचे कित्येक दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. ती त्याचा डबा झाकून ठेवायची आणि मुलुंडला जायची.

ती, सोनूबाई आणि त्यांच्या बचत गटातल्या आणखी दोघी अशा चौघींनी मिळून अर्ज केला. योजनेतून जो मिळणार नव्हता तो वाटा बचत गटाने उचलला. तीन बैठका झाल्या, दोघी बायका रागावून उठून गेल्या, त्यातली एक परत आली, तेव्हा कुठे ठराव झाला.

प्रशिक्षण सोपं नव्हतं. वर्गात बाकी सगळे पुरुष, बहुतेक तरुण. पहिल्याच दिवशी त्यातल्या एकाने आवाज दिला, "मावशी, चुकून आलात काय? घमेलं आणून देऊ?"

"आण ना," रत्नप्रभा म्हणाली. "तुझी भिंत पडली की भरायला लागेलच."

पोरं हसली खरी, पण पहिली भिंत तिचीच पडली. तिने पाणी जास्त सोडलं होतं. माल भिंतीला चिकटला, क्षणभर थांबला आणि ओल्या गोधडीसारखा खाली घसरला. दुसऱ्या वेळी पाणी कमी पडलं आणि पंप गुरगुरून बंद झाला. तिसऱ्या आठवड्यात तर तिने मोठाच घोळ घातला. सोनूबाईशी बोलण्याच्या नादात मशीन थांबवलं, नळी रिकामी करायची राहिली आणि जेवून येईपर्यंत आतला माल दगड झाला. अख्खी नळी कापून टाकावी लागली.

श्वेता तिच्यावर सगळ्यांदेखत चिडली. "ताई, हे काम घमेल्यासारखं नाही. घमेलं खाली ठेवता येतं. हे सुरू केलं की याच्याशी बांधलेलं राहायचं. समजत नसेल तर थांबा इथेच."

रत्नप्रभाच्या डोळ्यांत पाणी आलं. श्वेता चूक बोलत नव्हती, म्हणून जास्तच आलं. तिला सहदेवचे शब्द आठवले, मिनिटभर चुकला तर वाट लागता. म्हणजे तोही खोटं बोलला नव्हता. ती बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, थांबणार नाही. नळी कशी साफ करायची ते परत दाखवा. आज मला दुसरं काही शिकवू नका."

त्या दिवशी तिने तेच केलं. पाणी सोडायचं, नळीत स्पंजचा गोळा घालायचा, दाबाने तो दुसऱ्या टोकातून फटकन बाहेर काढायचा, पुन्हा घालायचा. संध्याकाळपर्यंत त्या चौघींच्या साड्या, हात, केस सगळं करडं झालं होतं. पुढच्या दिवसापासून त्या सलवार-कमीज आणि बूट घालून यायला लागल्या. सोनूबाईने आयुष्यात पहिल्यांदा बूट घातले आणि दिवसभर ज्याला त्याला दाखवत फिरली.

हळूहळू हात बसला. फवाऱ्याचं तोंड भिंतीपासून किती लांब धरायचं, कोपऱ्यात कसं वळायचं, आवाज बदलला की पाणी बघायचं. महिन्याअखेरीस तिची भिंत पडायची थांबली.

तपासणीचा दिवस आला. कमिटीतली तीन माणसं टेबलामागे बसली होती, आणि रांगेत मशीनसाठी अर्ज केलेले लोक. रत्नप्रभाने मान वळवली तर मागे सहदेव उभा. सोबत त्याची सून श्रुतिका. बँकेच्या कॉल सेंटरमध्ये कामाला जाणारी, स्वच्छ इस्त्रीच्या कुर्त्यातली पोरगी, अवघडून उभी. रत्नप्रभाच्या ध्यानात आलं. आपण नाही म्हटल्यावर सहदेवने सुनेचं नाव घातलं होतं. हजेरी कोणी आणि कशी लावली होती, देव जाणे. दुपारच्या तुकडीत सहदेवची दोन माणसं शिकायला येतात, एवढं तिच्या कानावर आलं होतं.

सहदेवने तिच्याकडे बघितलं आणि नजर वळवली.

रत्नप्रभाचा नंबर आधी लागला. तिने मशीन सुरू केलं, आवाज ऐकून पाणी लावलं. भिंत झाली. सोनूबाईने भिंत सपाट करायला तिच्यावरून लांब पाटा ओढला. कमिटीतल्या एका साहेबाने जवळ येऊन बोट लावून पाहिलं. "कोपरा जाड झालाय," तो म्हणाला.

"झालाय," रत्नप्रभा म्हणाली. "पातळ करते." आणि केला.

मग श्रुतिकाचं नाव पुकारलं. ती मशीनपर्यंत गेली. सहदेव मागून हळू आवाजात सांगत होता, हिरवं बटण, हिरवं बटण. कमिटीतल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही प्रशिक्षण पूर्ण केलंय ना?"

श्रुतिकाने सासऱ्याकडे पाहिलं, मग समोरच्या ओल्या भिंतीकडे आणि तिच्यापुढे करड्या हातांनी उभ्या असलेल्या चुलत सासूकडे. गाळ्यात पंपाचा आवाज बंद झाला होता. सगळ्यांना ऐकू आलं.

"नाही मॅडम. मी हे मशीन आज पहिल्यांदा बघतेय."

बाहेर आल्यावर सहदेवने श्रुतिकाला रिक्षा बघायला पाठवलं. त्याने रत्नप्रभाला गाठलं. "तूच शिकवलंस तिका. माझा घर फोडलंस."

"मी तिच्याशी एक शब्द बोललेली नाही. बोलायला हवं होतं, हे मात्र आत्ता वाटतंय."

"माका बुडवलंस तू."

"भावोजी, मी तुमच्या साइटवर येऊन पहिलं काम तुमचं करीन म्हणाले होते. तुम्हीच मला हाकललंत. तुमच्या त्या दोन माणसांच्या नावाने अर्ज केला असतात तर आज मशीन घेऊन गेला असतात. मदत थोडी कमी मिळाली असती, एवढंच."

सहदेव पाठ फिरवून चालायला लागला. श्रुतिका लांब रिक्षापाशी उभी होती. जाताना तिने रत्नप्रभाकडे बघून हात वर केला. सासऱ्याला दिसेल असा.

मशीन मंजूर झालं, उशिरा का होईना आलं. पहिलं काम मिळालं बोरिवलीत, एका जुन्या सोसायटीच्या जिन्याचं आणि गच्चीवरच्या खोल्यांचं. सेक्रेटरी नंदकिशोर पाठारे, निवृत्त अधिकारी, काटेकोर गृहस्थ. त्यांनी चौघी बायकांना बघून विचारलं, "कारागीर कधी येणार?"

"आलेत," सोनूबाई म्हणाली. "मोजून घ्या."

पहिल्याच दिवशी जिन्यातली एक भिंत फुगली. जुन्या विटा नीट भिजवल्या नव्हत्या, त्यांनी पाणी शोषलं. पाठारे खाली उभे राहून मोठ्याने बोलायला लागले, मी कमिटीला आधीच सांगत होतो, असल्या प्रयोगासाठी आमचीच सोसायटी सापडली का. रहिवासी दारं उघडून बघायला लागले.

रत्नप्रभा खाली उतरली. "साहेब, भिंत बिघडली, चूक माझी आहे. तुम्ही पाडा म्हणायच्या आधी मीच पाडते. माल माझा जाईल, तुमचा नाही. पण परवा संध्याकाळी परत बघायला या. आणि तेव्हा चांगली झाली असेल, तर तेही असंच जिन्यात उभं राहून मोठ्याने बोलायचं."

पाठाऱ्यांनी खिशातली डायरी काढून परवाची वेळ लिहून घेतली.

त्या रात्री जेवताना ती सीतारामला काही सांगणार नव्हती. पण सोनूबाईकडून वस्तीत बातमी आधीच पोचली होती. सीतारामने भात वाढून घेतला. मग म्हणाला, "जुनी वीट आदल्या संध्याकाळी भिजवतात. सकाळी परत एकदा."

"आता कळलं."

"आणि पाटा कोण ओढतंय?"

"सोनूबाई."

"तिचा हात जड आहे." त्याने डावी मूठ उघडून मिटली. "डावा हात माझा चालतो अजून."

रत्नप्रभाने मान वर केली. ती एवढंच म्हणाली, "आमच्यात यायचं तर हजेरी माझ्याकडे लागेल. चालेल?"

"तू मला बिगारी लावशील काय?" त्याने विचारलं, आणि पहिल्यांदा हसला.

"काम बघून ठरवीन."

दुसऱ्या दिवशी सीताराम बोरिवलीला आला. डाव्या हाताने पाटा ओढायला त्याला आधी त्रास झाला, मग तोही रुळला. ठरलेल्या संध्याकाळी पाठारे भिंत बघायला आले. दोनदा वर गेले, दोनदा खाली आले. मोठ्याने बोलायला त्यांना जड गेलं, पण बोलले. त्यांच्याच ओळखीने अंधेरीत पुढचं काम मिळालं.

दिवाळीनंतर सहदेवचा फोन आला. बोलणं कोरडं होतं. दिंडोशीच्या इमारतीचा बिल्डर अडून बसला होता, मशीनचं प्लास्टर नसेल तर वरचे मजले दुसऱ्याला. सहदेव म्हणाला, "तुमचा मशीन भाड्यान पाठव. माझी माणसा शिकलेली आसत, ती चालवतली."

"मशीन एकटं येत नाही भावोजी," रत्नप्रभा म्हणाली. "आमच्यासकट येतं."

"चार बायल माणसा माझ्या साइटीवर मशीन चालवतली? माझी माणसा काय म्हणतली?"

"ते तुम्ही त्यांना विचारा. आम्हाला अंधेरीचं काम आहे, घाई नाही."

त्याने फोन ठेवला. सीताराम समोरच बसला होता. आधी असता तर म्हणाला असता, दादा आहे, जाऊ दे, देऊन टाक. या वेळी त्याने उठून चहा ठेवला.

आठवडाभराने सहदेव पायऱ्या चढून आला. हातात पिशवी नव्हती. उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, "कधी येतास?"

"बसा तरी," रत्नप्रभा म्हणाली. तो बसला. दोघांनी भाव ठरवला. सहदेव दर वाक्याला घासाघीस करत होता, ती दर वाक्याला नाही म्हणत होती. शेवटी दोघंही थकले आणि ठरलं. जाताना त्याने सीतारामच्या खांद्याला हात लावून विचारलं, दुखता काय अजून. रत्नप्रभाला मात्र त्याने "येतंय" एवढंच म्हटलं. तिला तेवढं पुरे होतं. तिने कौतुकाची वाट बघितली नव्हती आणि माफी मागायचा तर तिचा विचारच नव्हता.

सोमवारी दिंडोशीला नवव्या मजल्यावर मशीन चढलं. सोनूबाईने माल ओतला, पाणी लावलं, पंप गुरगुरला. सहदेवची जुनी माणसं खोलीच्या कडेकडेने उभी राहिली. त्यांत ती परांचीवर हसलेली माणसंही होती. सहदेव स्वतः दाराच्या चौकटीत हाताची घडी घालून उभा होता. पांढरा शर्ट, पांढरी पँट.

रत्नप्रभाने नळी खांद्यावर घेतली, पाय रोवले आणि मान वळवून म्हणाली, "भावोजी, दारातून बाजूला व्हा. अंगावर उडेल."

सहदेव बाजूला झाला. तिने फवारा सोडला.